पट्ट्यात आहे, पण हवा आहे का? ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी येते, ‘दुसरी पृथ्वी सापडली’. सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं चित्र, त्यावर ढग, समुद्र, किनारे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती कुणीतरी टाकतं आणि खाली विचारतं, “कधी निघायचं?” त्या चित्राबद्दल आधीच सांगून टाकते, ते चित्रकाराने काढलेलं असतं. सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून जास्त ग्रह आता नोंदले गेलेत, पण त्यातल्या पृथ्वीएवढ्या एकाही ग्रहाचा पृष्ठभाग कुणी पाहिलेला नाही. बातमीच्या मागे बहुतेक वेळा दोनच आकडे असतात. ग्रह केवढा आहे, आणि आपल्या ताऱ्यापासून किती लांब आहे. या दोन आकड्यांवरून ‘राहण्याजोगा’ हा शब्द चिकटवला जातो.

आज आपण हा शब्द जरा उलगडून बघू. सगळ्या विश्वाबद्दल मोघम बोलण्यापेक्षा एकच पत्ता घेऊ, म्हणजे हाताला काहीतरी लागेल. तो पत्ता आहे ट्रॅपिस्ट-१.

कुंभ राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, साध्या दुर्बिणीतूनही नाही. नाव विचित्र वाटतं ना? बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचा चिलीमध्ये ला सिया इथे ६० सेंटिमीटरचा एक छोटा टेलिस्कोप आहे, त्याचं नाव ट्रॅपिस्ट. आणि ट्रॅपिस्ट ही बेल्जियमची मठात बनणारी प्रसिद्ध बिअर. शास्त्रज्ञांनाही गंमत सुचते, बरं का. तर मिशेल जियाँ आणि त्यांच्या गटाने २०१६ च्या मे महिन्यात इथे तीन ग्रह असल्याचं जाहीर केलं. त्या निरीक्षणांत लडाखमधल्या हान्लेच्या हिमालयन चंद्र टेलिस्कोपचाही वाटा होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मग नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीने जवळजवळ सलग वीस दिवस त्या एका ताऱ्याकडे टक लावून पाहिलं, आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला घोषणा झाली की ग्रह तीन नाहीत, सात आहेत. साती खडकाळ, साती साधारण पृथ्वीच्या आकाराचे. त्यांना बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी अक्षरं दिलीत. ‘ए’ म्हणजे तारा स्वतः, म्हणून ग्रहांची सुरुवात बी पासून.

आता या घराचा आकार बघा. तारा आपल्या गुरू ग्रहापेक्षा आकाराने थोडासाच मोठा. सूर्याच्या वस्तुमानाच्या फक्त नऊ टक्के. सूर्य त्याच्यापेक्षा साधारण अठराशेपट तेजस्वी आहे. चूल आणि निखारा असाच फरक म्हणा. आणि निखाऱ्याजवळ ऊब हवी तर अगदी लगटून बसावं लागतं, तसे हे सात ग्रह बसलेत. सगळ्यात बाहेरचा एच सुद्धा ताऱ्यापासून ९३ लाख किलोमीटरवर. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे हे अख्खं कुटुंब बुधाच्या कक्षेच्या आत आरामात मावतं. बी चं वर्ष दीड दिवसाचं. ज्याच्याबद्दल आज जास्त बोलायचंय त्या ई चं वर्ष ६.१ दिवसांचं. दर आठवड्याला वाढदिवस! ई वर उभं राहिलात तर शेजारचे डी आणि एफ जवळून जाताना आपल्या चंद्राएवढे दिसतील.

इतके छोटे, इतके लांब, मग खगोलशास्त्रज्ञ याच ताऱ्याच्या इतके मागे का लागलेत? कारण हिशेब सोयीचा आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. याला अधिक्रमण म्हणतात, शुक्राचं अधिक्रमण २०१२ मध्ये आपल्यापैकी काहींनी काळ्या चष्म्यातून पाहिलं असेल. लांबून कुणी आपल्या सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वी समोरून गेल्यावर त्याला प्रकाश फक्त ०.००८ टक्के कमी झालेला दिसेल, तोही वर्षातून एकदा. ट्रॅपिस्ट-१ एवढासा असल्यामुळे ई समोरून गेला की अर्धा टक्का प्रकाश जातो, आणि तो वर्षातून साठ वेळा जातो. पृथ्वीएवढ्या ग्रहाची हवा तपासायची असेल तर आजच्या साधनांनी असेच ग्रह तपासता येतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीची खरी ‘जुळी पृथ्वी’ अजून आपल्या हाताबाहेर आहे.

पट्टा म्हणजे नक्की काय

वसतियोग्य पट्टा, किंवा इंग्रजीत ज्याला गोल्डिलॉक्स झोन म्हणतात, त्याची व्याख्या साधी आहे. ताऱ्यापासून असं अंतर, जिथे ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. फार जवळ गेलं तर वाफ, फार लांब गेलं तर बर्फ. आपल्या सूर्यासाठी जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा पट्टा मोजला, आणि २०१३ मध्ये रविकुमार कोप्पारापू यांच्या गटाने तो सुधारला. सुधारलेल्या आकड्यांनुसार पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं तर पट्टा साधारण ०.९९ पासून १.६७ पर्यंत जातो. म्हणजे आपण पट्ट्याच्या आतल्या काठाला चिकटून बसलोय, आणि मंगळ, जो १.५२ वर आहे, तो चक्क पट्ट्यात आहे!

इथे जरा थांबा. मंगळ पट्ट्यात आहे. आणि आपला चंद्र? तो तर पृथ्वीच्या सोबतच फिरतो, सूर्यापासून अगदी तेवढ्याच अंतरावर. चंद्र पट्ट्याच्या बरोब्बर त्याच जागी आहे जिथे आपण आहोत. तिथे विषुववृत्तावर भर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, रात्री उणे १३० च्या घरात. अंतर तेच, ऊन तेच. फरक एवढाच की चंद्राला हवा नाही.

पट्ट्याच्या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे, ते बातमीत कधी येत नाही. गणित सुरू होतानाच ‘या ग्रहावर पृथ्वीसारखी हवा आहे, पाणी आहे’ असं धरून चालतात. हवा असेल तर किती अंतरावर पाणी टिकेल, याचं ते उत्तर आहे. हवा आहे का, हा प्रश्न त्या गणिताने विचारलेलाच नसतो. भाड्याच्या जागेची जाहिरात असते ना, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’? स्टेशनपासून पाच मिनिटं असेलही, पण नळाला पाणी येतं का ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

हवा नेमकं काय करते? फक्त उन्हाचा हिशेब मांडला तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस यायला हवं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे. मधले तेहतीस अंश पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायूंनी धरून ठेवलेत. हरितगृह परिणाम हा शब्द आपण हल्ली फक्त भीतीने ऐकतो, पण तो मुळात नसता तर समुद्र गोठलेले असते.

शुक्राचं उदाहरण तर फारच मजेचं आहे. शुक्र सूर्याच्या जवळ, म्हणून तापलेला, असं आपण शाळेत पाठ केलं. पण शुक्राचे ढग इतके पांढरे आहेत की येणारा तीन-चतुर्थांश प्रकाश ते परत फेकतात. हिशेब केला तर शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषून घेतो! तरी पृष्ठभागावर ४६० अंशांच्या वर तापमान आहे, कारण वर कार्बन डायऑक्साइडचं जाडजूड पांघरूण आहे, आणि त्याचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट. तेव्हा ऊन किती मिळतं यापेक्षा त्या उन्हाचं पुढे काय होतं, ते हवा ठरवते.

थर्मोस्टॅट कुठे लपलाय

बरं, हवा असणं एक वेळ सोपं. ती अब्जावधी वर्षं योग्य प्रमाणात राहणं कठीण. सूर्य जन्मला तेव्हा आजच्यापेक्षा साधारण तीस टक्के मंद होता. आजचीच हवा तेव्हा असती तर पृथ्वी गोठून गेली असती. पण ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स भागात सापडलेले झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत, आणि त्यांच्या रसायनावरून दिसतं की त्या काळातही पृथ्वीवर पाणी होतं. सूर्य तीस टक्क्यांनी बदलला तरी पाणी बहुतांश काळ पाणीच राहिलं. हे कसं जमलं?

याचं सगळ्यात पटणारं उत्तर १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी मांडलं, आणि ते आकाशाऐवजी दगडांत आहे. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं. ते पाणी खडक झिजवतं. त्यातून सुटलेलं कॅल्शियम आणि कार्बन नद्यांतून समुद्रात जातात, तिथे शिंपल्यांत, चुनखडीत बंद होतात. समुद्रतळ सरकत सरकत खंडाखाली जातो, तिथे तापतो, आणि ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड परत हवेत येतो. आता खुबी बघा. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, जास्त वायू खडकांत जातो आणि पृथ्वी थंड व्हायला लागते. पृथ्वी गारठली की पाऊस कमी, झीज कमी, पण ज्वालामुखी आपलं काम करतच असतात, वायू साठतो आणि ऊब परत येते. सुमारे सत्तर कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ पूर्ण बर्फाखाली गेली होती, त्यातून बाहेर काढणारा हाच थर्मोस्टॅट.

महाराष्ट्रातल्या लोकांना हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या पठाराचा बसाल्ट, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो बाहेर येताना कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत आला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात झिजत झिजत तो वायू परत गिळतोय. बसाल्ट हा ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे या कामात तो पटाईत. कोकणात घरांना जो तांबडा जांभा दगड लावतात, तो म्हणजे उष्ण आणि ओल्या हवेत बसाल्ट अतोनात झिजल्यावर मागे उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. चिऱ्याची भिंत म्हणजे थर्मोस्टॅटने केलेल्या कामाची पावतीच.

(कुणी विचारण्याआधी सांगते. मग हवामानबदलाची काळजी कशाला, थर्मोस्टॅट आहेच की? आहे, पण त्याला काम करायला लाखो वर्षं लागतात. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.)

पृथ्वीवरच्या चुनखडीत आणि तशा खडकांत अडकलेला सगळा कार्बन बाहेर काढला, तर तो जवळपास शुक्राच्या हवेइतका भरेल. म्हणजे दोन्ही बहिणींकडे माल सारखाच, एकीने तो तळघरात ठेवला, दुसरीच्या अंगावर आला. तळघरात ठेवायला पाणी लागतं, आणि शुक्राने पाणी गमावलं.

मंगळाची अडचण वेगळी. तो लहान आहे, वस्तुमान पृथ्वीच्या एक-दशांश. लहान गोळा लवकर निवतो, वाटीतली खीर पातेल्यातल्या खिरीच्या आधी निवते तशी. आतली उष्णता ओसरली, ज्वालामुखी मंदावले, हवेची भरपाई थांबत गेली. गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे आहे ती हवा धरून ठेवणंही जड. सप्टेंबर २०१४ पासून मंगळाभोवती फिरलेल्या नासाच्या मेव्हन यानाने दाखवून दिलं की सूर्यापासून येणारा कणांचा झोत मंगळाची हवा कशी खरवडून नेतो. (आपलं मंगळयानही त्याच महिन्यात पोचलं होतं.) आज तिथे पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी दाब आहे. वाळलेल्या नद्यांची पात्रं मात्र तशीच आहेत.

एक प्रश्न आम्हाला नेहमी येतो. चुंबकीय क्षेत्र नसलं तर हवा उडून जाते ना? इतकं सरळ नाही ते. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी त्याच्याकडे आपल्या नव्वदपट हवा आहे. चुंबकीय क्षेत्र ढालीसारखं काम करतं, पण त्याच्या ध्रुवांकडून काही कण निसटतातही. हा वाद अजून चालू आहे, त्यामुळे ‘चुंबक आहे म्हणून आपण आहोत’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हिडिओंकडे जरा सावधपणे बघा.

लहान ताऱ्याचं तापट बालपण

आता ही सगळी शिदोरी घेऊन ट्रॅपिस्ट-१ कडे परत जाऊ. ई ला त्याच्या ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा पृथ्वीच्या सुमारे ६५ टक्के. त्रिज्या पृथ्वीच्या ९२ टक्के, वस्तुमान ६९ टक्के. पट्ट्यातच बसलेला. कागदावर याच्याइतकं चांगलं स्थळ नाही.

पण पत्रिका बघताना ग्रहाइतकाच ताराही बघावा लागतो. ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू तारा. हे तारे अतिशय काटकसरी असतात, अब्जावधी नव्हे, लाखो कोटी वर्षं जळत राहतात. आता शांत दिसतात. त्यांचं बालपण मात्र भयंकर असतं. आपला सूर्य जन्मल्यावर काही कोटी वर्षांत स्थिरावला. ट्रॅपिस्ट-१ इतक्या छोट्या ताऱ्याला आकुंचन पावत स्थिर व्हायला सुमारे १०० कोटी वर्षं लागतात, आणि त्या काळात तो आजच्यापेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी असतो. याचा अर्थ, आज पट्ट्यात बसलेला ई त्या काळात पट्ट्याच्या आत, भट्टीत होता. लूगर आणि बार्न्स यांनी २०१५ मध्ये हा हिशेब मांडला. समुद्र असले तर ते वाफ होऊन वर जाणार, अतिनील किरण पाण्याच्या रेणूचे तुकडे करणार, हलका हायड्रोजन अवकाशात निसटणार. एखाद-दुसरा महासागर नाही, पृथ्वीच्या कित्येक महासागरांएवढं पाणी असं जाऊ शकतं.

आणि मागे काय उरेल? ऑक्सिजन. इथे फसगत होऊ शकते. उद्या एखाद्या लाल बटूच्या ग्रहावर ऑक्सिजन सापडला, तर ‘झाडं आहेत!’ म्हणून पेढे वाटायच्या आधी विचारावं लागेल की हा श्वास आहे की मेलेल्या समुद्राचा सांगाडा.

बालपण संपलं तरी तापटपणा जात नाही. ट्रॅपिस्ट-१ वर अधूनमधून ज्वाला भडकतात. २०१७ मध्ये पीटर व्हीटली आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर हा एवढासा तारा आपल्या शांत सूर्याइतकेच क्ष-किरण सोडतो. प्रकाश अठराशेपट कमी, पण क्ष-किरण तेवढेच! आणि ई तर त्याच्यापासून फक्त ४४ लाख किलोमीटरवर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या चौतिसाव्या हिश्शावर. म्हणजे पृथ्वीला मिळतात त्याच्या हजारपटीच्या आसपास क्ष-किरण त्याला मिळतात. हवेचा वरचा थर तापवून उडवून द्यायचं काम हेच किरण करतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांना आवडते, म्हणून थोडक्यात. इतक्या जवळच्या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, जशी चंद्राची आपल्याकडे असते. एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र. पूर्वी वाटायचं की एवढ्यावरच विषय संपला, रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडेल. पण १९९७ मध्ये जोशी, हेबर्ली आणि रेनॉल्ड्स यांनी संगणकावर दाखवलं की पुरेशी जाड हवा असेल तर वारे दिवसाची उष्णता रात्रीकडे वाहून नेतात आणि हवा गोठत नाही. पृथ्वीच्या दाबाच्या एक-दशांश कार्बन डायऑक्साइडही पुरतो. त्यामुळे मला ही अडचण बाकीच्या दोघांएवढी मोठी वाटत नाही. बघा, इथेही गाडी हवेवरच येऊन थांबली.

वेबने काय पाहिलं

जेम्स वेब दुर्बिणीने आधी आतल्या ग्रहांकडे पाहिलं. पद्धत सुंदर आहे. ग्रह ताऱ्याच्या शेजारी असताना दोघांची मिळून उष्णता मोजायची, मग ग्रह ताऱ्यामागे लपला की फक्त ताऱ्याची मोजायची. वजाबाकी म्हणजे ग्रहाची उष्णता. किराणा दुकानात डब्यासकट वजन करून मग डब्याचं वजन वजा करतात, तसंच.

मार्च २०२३ मध्ये बी चा निकाल आला. दिवसाच्या बाजूला साधारण २३० अंश सेल्सिअस. हवा असती तर वाऱ्याने थोडी उष्णता मागच्या बाजूला नेली असती, आणि हा आकडा शंभरेक अंशांनी कमी आला असता. म्हणजे बी बहुधा उघडा खडक. जून २०२३ मध्ये सी चा निकाल. सी ला ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा शुक्राला सूर्याकडून मिळते साधारण तितकीच, म्हणून तो शुक्रासारखा असेल अशी अटकळ होती. त्याचं तापमान १०७ अंशांच्या आसपास निघालं, आणि शुक्रासारखं जाड पांघरूण तिथे नाही एवढं नक्की झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डी बद्दलही आलं की पृथ्वीसारख्या हवेची खूण दिसत नाही.

मग सगळ्यांचं लक्ष ई वर. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या चार अधिक्रमणांचा निकाल जाहीर झाला. इथे पद्धत वेगळी होती. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेच्या कडेतून गाळून येतो. प्रत्येक वायू प्रकाशाचे ठरावीक रंग शोषतो, त्यामुळे वर्णपटात कुठे खड्डे पडलेत त्यावरून वायू ओळखता येतो. ई वर हायड्रोजनची जाड हवा नाही, हे कळलं. शुक्र किंवा मंगळासारखी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची हवा असण्याची शक्यता कमी झाली. उरल्या दोन शक्यता. एक, नायट्रोजनची भरपूर हवा, थोडीफार आपल्यासारखी. दोन, काहीच नाही, उघडा दगड.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढी दहा अब्ज डॉलरची दुर्बीण आणि हवा आहे की नाही हेही सांगता येत नाही? अडचण दुर्बिणीत नाही, ताऱ्यात आहे. त्याच्यावर डाग आहेत, ते बदलत राहतात. आणि हा तारा इतका थंड, साधारण २,३०० अंश सेल्सिअस, की त्याच्या स्वतःच्या वातावरणात पाण्याची वाफ टिकते! म्हणजे वर्णपटात पाण्याची खूण दिसली तरी ती ग्रहाची की ताऱ्याची, हा प्रश्न उरतोच. घाणेरड्या काचेतून बघताना डाग काचेवर आहे की पलीकडच्या भिंतीवर, ते ठरवण्यासारखं आहे हे.

या सगळ्याला इतकं महत्त्व एका ग्रहामुळे आलेलं नाही. आकाशगंगेतले सुमारे तीन-चतुर्थांश तारे लाल बटू आहेत. आपल्या सगळ्यात जवळचा शेजारी प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा, तोही लाल बटूच, आणि त्याच्या पट्ट्यातला ग्रह २०१६ मध्येच सापडलाय. ‘आकाशगंगेत अब्जावधी राहण्याजोगे ग्रह’ असे जे आकडे आपण वाचतो, त्यात मोठा भरणा या ताऱ्यांच्या ग्रहांचा असतो. लाल बटूंच्या ग्रहांना हवा धरून ठेवता येतच नसेल, तर त्या आकड्यातला बहुतेक भाग पुसावा लागेल, आणि सूर्यासारख्या ताऱ्यांकडेच बघत बसावं लागेल, जिथे पाहण्याची साधनं अजून तयार नाहीत. उलट एकट्या ई वर जरी हवा सापडली, तरी सगळ्यात तापट ताऱ्याजवळही हवा टिकू शकते असा अर्थ होईल. ज्वालामुखींनी नंतर ती भरून काढली असेल, किंवा सुरुवातीलाच इतकं पाणी होतं की सगळं गमावूनही काही उरलं. साती ग्रहांची घनता एकमेकांसारखी आहे आणि पृथ्वीच्या हिशेबाने किंचित कमी, हे २०२१ मध्ये कळलंय. लोह कमी असेल किंवा पाणी जास्त असेल, दोन्ही चालतं.

म्हणूनच वेबचे ५०० तास खास खडकाळ ग्रहांवर हवा आहे का एवढंच बघायला राखून ठेवलेत. आणि ई साठी शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढलीय. बी वर हवा नाही हे बऱ्यापैकी ठरलंय ना? मग असे दिवस निवडायचे जेव्हा बी आणि ई ताऱ्यासमोरून पाठोपाठ जातात. बी च्या वर्णपटात जे खड्डे दिसतील ते ताऱ्याच्या डागांचेच असणार, कारण बी कडे स्वतःचं दाखवायला काही नाही. ते खड्डे ई च्या वर्णपटातून वजा करायचे. उघडा दगड म्हणून ज्याला आपण बाजूला टाकलं, तोच आता काच पुसायला कामी येतोय. ही निरीक्षणं चालू आहेत.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा. भेटू पुढच्या भागात.